गाईड म्हणतात गूगल फॉर्म पाठव, मला तांड्यावर जायचंय

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका २८ वर्षांची, मराठवाड्यातल्या एका बंजारा तांड्यावर वाढलेली. आश्रमशाळा, मग होस्टेल असं करत समुपदेशन मानसशास्त्रात एमए केलं, काही वर्षं एका संस्थेत काउन्सेलर म्हणून काम केलं आणि आता पीएचडीला लागलीये. तांड्यावरच्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या मनाच्या त्रासावर तिला काम करायचंय. गाईडचं म्हणणं की विषय फार 'नॅरो' आहे, निष्कर्ष जनरलाइज होणार नाहीत, म्हणजे बाकीच्यांना लागू पडणार नाहीत, त्यापेक्षा शहरातल्या ३०० कॉलेज विद्यार्थ्यांना सेल्फ एस्टीम आणि रेझिलिअन्सची (संकटातून सावरायच्या ताकदीची) रेडीमेड स्केल्स, म्हणजे मोजमापाच्या प्रश्नावल्या, गूगल फॉर्मवर पाठव आणि मोकळी हो. तिला स्वतःला वाटतं की मुळात ही पाश्चात्त्य थिअरीच आपल्याला लागू पडत नाही, आपले लोक समूहात राहणारे, त्यांना काउन्सेलिंग पटतच नाही, तेव्हा पूर्ण भारतीय पद्धत उभी करायला हवी आणि ते काम तिच्यासारखी आतली मुलगीच करू शकेल. त्यात घरी विषय काढला तर काकी म्हणाली, "शिकून आलीस आणि आता आमच्यावरच संशोधन करणार का?" तिचा प्रश्न: गाईडचं ऐकू की मनाचं?

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात गाईड, थिअरी आणि काकी असे तिघं आहेत आणि तू तिघांशीही एकाच वेळी भांडतेयस. मला विचारशील तर तिघांत सगळ्यात नेमका प्रश्न काकीचा आहे. पण आरआरसीची, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या कमिटीची, तारीख काकी देत नाही, म्हणून आधी गाईडचं बघू.

'जनरलाइज होणार नाही' हे वाक्य आपल्याकडे इतकं बिनधास्त फेकलं जातं की समोरचा गप्पच होतो. तू गप्प होऊ नकोस, शांतपणे विचार की मग त्या ३०० पोरांचे निष्कर्ष नक्की कोणाला जनरलाइज होतात? ते फॉर्म कसे भरले जातात ते तुलाही माहितीये, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक पडते, मॅडमनी सांगितलंय म्हणून आणि इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात आहेत म्हणून पोरं बसमध्ये उभ्या उभ्या टिकटिक करून मोकळी होतात, निम्म्यांनी शेवटची वीस विधानं वाचलेलीही नसतात. यातून जे येतं त्याला 'भारतीय युवकांचं रेझिलिअन्स' म्हणायचं आणि सहा महिने जीव ओतून केलेल्या कामाला 'नॅरो' म्हणायचं, हा न्याय मला कधीच कळला नाही.

आणि हे माझ्या घरचं मत नाहीये. जेफ्री आर्नेटने २००८ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या सहा मोठ्या जर्नल्समधले पेपर तपासले, तर त्यांच्या सॅम्पलपैकी ६८ टक्के एकट्या अमेरिकेतले आणि युरोप, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे धरले तर ९६ टक्के. म्हणजे 'माणसाचं मन' म्हणून जे पुस्तकात शिकवलं जातं ते बहुतेक त्याच मूठभर देशांतून आलेलं. २०१० मध्ये हेन्रिक, हाइने आणि नोरेन्झायन यांनी या लोकांना 'वीअर्ड' (पाश्चात्त्य, शिकलेले, औद्योगिक, श्रीमंत, लोकशाही देशांतले, यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून) असं नाव दिलं आणि हे लोक उलट जगात अपवादच आहेत असं दाखवलं, तेव्हापासून ते नाव सगळीकडे चाललंय. आपण काय केलं, तर तोच प्रकार आपल्या शहरात आणला, पुण्या-मुंबईतल्या कॉलेजची पोरं म्हणजे आपले घरचे वीअर्ड. आकडेवारीचं तर विचारूच नकोस. निम्हान्स या बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ ला केलेलं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. तेव्हा तांड्यावरच्या बाईबद्दल आपल्याला काय माहितीये, असं कोणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर 'फार काही नाही' हेच आहे.

गाईडसाठी अजून एक खाऊ देते. ग्रायनर आणि स्मिथ यांनी २००६ मध्ये ७६ अभ्यास एकत्र करून बघितलं की संस्कृतीप्रमाणे बदल केलेले उपचार कितपत चालतात. चालतात, आणि गंमत म्हणजे एकाच विशिष्ट समाजासाठी घडवलेले उपचार हे सरमिसळ गटासाठी केलेल्यांपेक्षा चौपट परिणामकारक निघाले, क्लायंटच्या स्वतःच्या भाषेत केलेले इंग्रजीतल्यापेक्षा दुप्पट. अभ्यास बहुतेक अमेरिकेतले आहेत हे त्यांना आधीच सांगून टाक, म्हणजे व्हायव्हाला कोणी पकडणार नाही. पण मुद्दा उरतोच, की या क्षेत्रात 'नॅरो' असणं हा दोष नाही, बऱ्याचदा तीच कामाची गोष्ट असते.

एवढं बोलून गाईडची बाजू मात्र पूर्ण सोडू नकोस. त्यांना आकडे हवेत कारण कमिटीला आकडे हवेत, कमिटीला हवेत कारण जर्नलला हवेत, आणि तुझी फेलोशिप संपायची वेळ येईल तेव्हा गाईडच तुझ्या मागे उभे राहायला हवेत. म्हणून मनाचं की गाईडचं असा तुकडा पाडू नकोस. पहिला टप्पा मुलाखतींचा ठेव, पंधरा-वीस बायका, निवांत. त्यातून जे निघेल त्यावरून दुसऱ्या टप्प्यात एखादं स्केल तांड्यासाठी दुरुस्त कर. तिसऱ्यात ते आसपासच्या पाच-सात तांड्यांवर लाव, तिथे गाईडना त्यांचे २००-२५० मिळतील, फॅक्टर ॲनालिसिस, म्हणजे कुठली विधानं एकत्र जातात याचं गणित, करता येईल, सगळे खूश. त्यांना आवडणाऱ्या स्केलवरच काम करायचं तर तेही चालेल. रोझेनबर्गचं सेल्फ एस्टीम स्केल ५३ देशांत लावून बघितलंय, २००५ चा श्मिट आणि आलिक यांचा पेपर शोध, त्यात उलट्या बाजूने मांडलेली विधानं सगळीकडे सारखी वाचली जात नाहीत असंच निघालं. हा रिसर्चचा तयार प्रश्न आहे, गाईड नाही म्हणणार नाहीत.

आता तुझ्याकडे वळते. राग मानू नकोस.

पाश्चात्त्य थिअरी आपल्याला लागू पडत नाही, असं तू लिहिलंयस. कुठली? कारण वेस्ट म्हणजे फक्त गोऱ्यांचा वेस्ट नाही. समुपदेशनात संस्कृतीचा प्रश्न ज्यांनी भांडून आत आणला ते अमेरिकेतले काळे, आशियाई, लॅटिनो मानसशास्त्रज्ञ होते. १९६८ ला काळ्या मानसशास्त्रज्ञांनी स्वतःची वेगळी संघटना काढली, कारण मूळ संघटनेत त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. १९९२ ला डेराल्ड विंग सू, पॅट्रिशिया अरेडोंडो आणि रॉडरिक मॅकडेव्हिस यांनी लिहून ठेवलं की काउन्सेलरला आधी स्वतःचे पूर्वग्रह, मग क्लायंटचं जग, मग त्याला साजेशी कौशल्यं, हे सगळं यायला हवं. १९९५ मध्ये पोर्तो रिकोतल्या गिलेर्मो बर्नाल यांनी उपचार बदलताना बघायच्या आठ गोष्टी मांडल्या: भाषा, माणसं, उपमा-म्हणी, आशय, कल्पना, ध्येयं, पद्धत आणि परिस्थिती. हे आठ शब्द तुझ्या सिनॉप्सिसच्या मेथडॉलॉजीत जसेच्या तसे बसतात. आणि काळ्या लोकांचा गोऱ्यांवर आणि त्यांच्या संस्थांवर किती अविश्वास आहे हे मोजायला टेरेल आणि टेरेल यांनी १९८१ मध्येच 'कल्चरल मिस्ट्रस्ट'चं स्केल केलं होतं. तांड्यावर वही-पेन घेऊन आलेल्या बाईकडे लोक ज्या नजरेने बघतात ना, ती नजर समजून घ्यायला तुला हे काम जितकं उपयोगी पडेल तितकं कुठलाही प्राचीन ग्रंथ पडणार नाही.

म्हणजे 'पूर्ण भारतीय पद्धत' ऐकायला छान आहे पण त्यातलं भारतीय म्हणजे कोण? जे. एस. नेकींनी १९७३ मध्ये गुरू-चेला नात्यावरून उपचाराचा एक नमुना मांडला होता, तो नक्की वाच, विचार करायला लावणारा पेपर आहे. पण वाचताना स्वतःला विचार, की ज्या तांड्यातल्या पोरांना शाळेत शेवटच्या बाकावर बसवलं गेलं त्यांना गुरूच्या पायाशी बसणं किती सुखाचं वाटेल? अमेरिकेच्या जागी संस्कृत ठेवलं तरी तांड्यावरची बाई दोन्हीकडे बाहेरच. शिवाय बंजारा म्हटलं तरी एकच एक काय आहे? महाराष्ट्रात विमुक्त जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत. नुसती राज्याची सीमा ओलांडली की स्कॉलरशिप बदलते, होस्टेल बदलतं, पोरीच्या आयुष्याच्या शक्यता बदलतात. संस्कृती नुसती लेंगी गाण्यांत आणि आरशांच्या कपड्यांत नसते, ती या कागदांतही असते.

'आपले लोक समूहात राहणारे' हेही जरा तपासून घे. सगळे पेपर हेच लिहितात, पूर्वेकडचे सामूहिक, पश्चिमेकडचे व्यक्तिवादी, आणि झालं. समूहात आहे म्हणून बाईला आधार आहे असं धरून चालायचं, आणि जिचा त्रासच त्या समूहातून येतोय, जिच्या मजुरीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवऱ्याने तिला न विचारता मुकादमाकडून घेतलीये, ती मग कुठे जाणार? तुझ्या कामात ही बाई सुटली तर अवघड आहे.

काउन्सेलिंग पटत नाही म्हणतेस, तर अमरावती जिल्ह्यात बघ. तिथल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला, गावातल्याच माणसांना तयार करून. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, अठरा महिन्यांनी २७.२ टक्के झाले, २०१७ च्या लॅन्सेट सायकिॲट्रीत छापून आलंय. गोव्यात 'संगात' या संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची डिग्री नसलेले काउन्सेलर घेऊन सहा ते आठ भेटींचा उपचार केला, तोही चालला, आणि त्याच्या पोटात थिअरी कुठली होती तर बिहेव्हिअरल ॲक्टिव्हेशन, म्हणजे माणसाला आवडीच्या, अर्थाच्या कामांकडे पुन्हा वळवणं, अस्सल अमेरिकन. लोकांना काउन्सेलिंग पटत नाही की आपण ज्या टेबल-खुर्चीवर बसून, ज्या भाषेत, ज्या वेळेला ते देतो ते पटत नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आणि दुसऱ्यावर फार कमी लोकांनी काम केलंय.

आता एक गोष्ट जरा जवळून बघू, कारण माझ्या मते तुझा सगळा थीसिस इथे आहे. समज तू ऊसतोडीच्या फडावर गेलीस आणि पीएचक्यू-९ काढलं, नैराश्य मोजायचं तेच नऊ प्रश्नांचं, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं झालं, शून्य ते तीन गुण. समोर एका कोयत्यातली बाई आहे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीतली. झोप? रात्री ट्रॅक्टर येईल तेव्हा उठून मोळ्या भरायच्या, पहाटे अंधारात पुन्हा फड. तीन. थकवा? तीन. भूक? पाणी पुरत नाही, परसाकडला जायची सोय नाही म्हणून ती कमीच खाते. दोन. लक्ष लागतं का? तान्हं पोर पाचटात निजवलंय, लक्ष तिकडे. दोन. झाले दहा, म्हणजे कटऑफ गाठला, मध्यम नैराश्य. तुझ्या एसपीएसएसला, त्या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरला, काहीच कळणार नाही, ते आनंदाने टेबल काढून देईल. आणि उपाय म्हणून आपण तिला सांगणार की रोज एक आवडीची ॲक्टिव्हिटी करा!

इथे बरेच जण टोकाला जातात आणि म्हणतात, बघा, हे नैराश्य नाहीच, ही गरिबी आहे, मानसशास्त्राचं इथे काय काम. मला हेही पटत नाही. फडावरच्या बाईलाही नैराश्य येऊ शकतं, तिचंही मन दुखू शकतं, आणि 'तुझं दुःख फक्त आर्थिक आहे' असं म्हणणं म्हणजे तिला मनच नाकारणं आहे. मग ओळखायचं कसं? तिलाच विचारून. तिच्यासारख्याच झोपेने, तिच्यासारख्याच कामाने दमलेल्या दहा बाया आहेत, त्यांच्यात 'हिचं काहीतरी वेगळं आहे' असं त्या बायाच कुणाबद्दल म्हणतात? काय बघून म्हणतात? बोलायची बंद झाली, पोराला मारायला लागली, सणाला अंगावर काही चढवलं नाही, असं जे त्या सांगतील ते तुझ्या स्केलचे आयटम. पुस्तकातले नऊ त्याच्या शेजारी ठेव आणि बघ कुठे जुळतात, कुठे नाही.

विचारायचं कसं यासाठी तुला शून्यापासून सुरुवात करायची गरज नाही. आर्थर क्लाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दिलेले प्रश्न अजून साधेच आणि चांगले आहेत: या त्रासाला तुम्ही काय म्हणता, तो कशामुळे झाला असं वाटतं, तेव्हाच का सुरू झाला, त्यामुळे काय काय अडतं, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, काय केल्याने बरं वाटेल. त्याच धर्तीवर २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात, सोळा प्रश्नांची मुलाखत आली आणि ती जिथे वापरून तपासली गेली त्यात पुणंही होतं, मराठीत काम झालंय, तेव्हा 'आपल्या भाषेत काही नाही' असं सिनॉप्सिसमध्ये लिहू नकोस. उत्तरात भगत येईल, देवी येईल, नवस येतील. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे आणि शोषण दिसलं तर तू काउन्सेलर म्हणून बोलायलाच हवंस, पण पहिल्याच वाक्याला कपाळाला आठी घातलीस तर ती बाई पुढचं काही सांगणार नाही आणि तुला मॅडमला आवडणारी उत्तरं मिळतील.

'मी आतली आहे' याबद्दल. आहेस, गोरबोली ही बंजारांची भाषा तुझी आहे, ते मोठं बळ आहे. पण तू किती वर्षं होस्टेलला होतीस, पोटासाठी कोयता हातात धरायची वेळ तुझ्यावर आली का, तुझं घर तांड्यात कुठल्या बाजूला, तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या, घराशी तुमचं नातं काय, हे तांड्याला तोंडपाठ आहे. बाहेरच्या बाईला जे सांगता येतं ते तुला सांगता येणार नाही असंही होईल, कारण तू संध्याकाळी तिच्या सासूबरोबर चहा पिणार आहेस. टर्व्हालॉन आणि मरी-गार्सिया या दोन डॉक्टरांनी १९९८ मध्ये 'कल्चरल ह्युमिलिटी' म्हणून जे मांडलं ते याच्याशी जुळतं, की दुसऱ्याची संस्कृती 'येते' असं समजून थांबायचं नाही, शिकत राहायचं आणि आपल्या हातात किती सत्ता आहे हे बघत राहायचं. ते बाहेरच्यांसाठी लिहिलंय असं वाटतं, मला ते आतल्यांसाठी जास्त लागू वाटतं.

आणि काकी. जन्माने गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा, १९५२ ला कागदोपत्री पुसलेला तो शिक्का, 'विमुक्त' हा शब्द आला तोच तिथून. ज्यांच्या दारात नावं लिहून घ्यायला आलेला माणूस कधी भल्यासाठी आला नाही, त्यांनी 'आमच्यावर संशोधन?' असं विचारणं हा रेझिस्टन्स नाही, शहाणपण आहे. २०१९ ला ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या बातम्या आल्या तेव्हा किती कॅमेरे आले आणि किती परत आले ते काकीने बघितलंय. तिला खरं उत्तर दे: यातून तुला पैसे मिळणार नाहीत, योजना मिळणार नाही, मला पदवी मिळेल. जे लिहीन ते छापायच्या आधी इथे येऊन गोरबोलीत वाचून दाखवीन, आणि तुम्ही 'हे काढ' म्हणालात तर त्यावर बोलू. एवढं पाळता येणार असेल तरच जा.

बाकी कामाच्या गोष्टी, तुझ्यासारख्या बऱ्याच जणींची मला पत्रं येतात म्हणून इथेच लिहिते. संमतीपत्र फक्त सही-अंगठ्याचं ठेवू नका, तोंडी संमती रेकॉर्ड करायची परवानगी एथिक्स कमिटीकडून आधीच घ्या, अंगठा म्हटलं की उचल आठवते लोकांना. एकांत मिळणार नाही हे धरूनच चला, घरात तर नाहीच. सरपण, पाणी, धुणं, जिथे बाई एकटी असते तिथे तिच्याबरोबर जा, हात चालवत बोला. 'बिलकूल नाही, कधी कधी, बऱ्याचदा, रोज' असे चार पर्याय वाचून दाखवले की बाया सगळ्याला कधी कधी म्हणतात, त्याऐवजी रिकामा, पाव, अर्धा, भरलेला असे चार पेल्यांचे चित्र दाखवा आणि बोट ठेवायला सांगा, आणि पहिल्या आठ-दहा जणींना प्रत्येक बोटामागे 'का?' विचारा. मुलाखतीत कोणी जीव द्यायची भाषा केली तर रेकॉर्डर बंद, तिथे तुम्ही संशोधक नाही. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात कोण बसतं, कुठल्या वारी बसतं हे फील्डवर जायच्या आधी जाऊन भेटून या, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं, तो फोनमध्ये सेव्ह करून द्या. आणि मुलाखतींचा अर्थ लावायचं काम मूळ बोलीतच करा, इंग्रजी शेवटी, नाहीतर सगळ्या बाया थीसिसमध्ये एकसारख्या बोलायला लागतात.

वेळापत्रकाचं तेवढं लगेच बघ. तांडा साधारण दिवाळीच्या आसपास रिकामा होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत लोक परत येत नाहीत. विद्यापीठाच्या फॉर्मवर 'डेटा कलेक्शन: डिसेंबर ते फेब्रुवारी' असं आपोआप लिहिलं जातं, तसं लिहिलंस तर तुला तांड्यावर म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं भेटतील. मुलाखती मे ते सप्टेंबरमध्ये घे, एकदा थंडीत फडावर जाऊन ये, पण तिथे फॉर्म नेऊ नकोस. गाईडकडे जाताना हे वेळापत्रक, तीन टप्पे आणि वरचे दोन-तीन पेपर प्रिंट काढून ने. मेल करू नकोस, समोर बसून बोल, आणि त्यांनी ३०० चा आकडा पुन्हा काढला तर अडीचशेवर तोडपाणी कर.